कर्णबधिर मुलाला निवासी शाळेत पाठवताना: कोल्हापूर परिसरातील पालकांसाठी

कोल्हापूरला वसतिगृह नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्यानंतर एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली आणि शिक्षणासाठी मूल घराबाहेर ठेवणे ही आपल्याकडे मानाची गोष्ट ठरली. मूल कर्णबधिर असले की मात्र याच गावातले पालक वर्षानुवर्षे निर्णय घेत नाहीत, कारण “दुखलं-खुपलं तर ते कुणाला सांगणार?” हा आजीचा प्रश्न घरात कोणालाच सोडवता येत नाही. आम्ही आमच्या मुलीला सातव्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातील एका मिशनच्या निवासी शाळेत ठेवले. आता तिची दहावी झाली आहे. या काळात आम्ही जे बरोबर केले आणि जे चुकलो, त्यावरून एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला आधी सांगते: मुलाचे सामान भरण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी खुणांची भाषा शिकायला बसावे. शाळा मुलाला भाषा देईल. पण ती भाषा घरात कोणालाच येत नसेल, तर सुट्टीत घरी आलेले मूल पाहुण्यासारखे राहील.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. बेरा चाचणीचा (आवाजाला श्रवणमज्जा आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी चाचणी) अहवाल, अलीकडचा ऑडिओग्राम (किती ऐकू येते याचा आलेख), दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) हे सगळे एका फाइलमध्ये असावे आणि त्याच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी सत्तर डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर मानली जाते आणि साठ ते सत्तर डेसिबलपर्यंतचा ऱ्हास ऐकू कमी येण्याच्या गटात मोडतो. म्हणून अहवालावरचा आकडा पालकांना स्वतःला वाचता आला पाहिजे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळेपर्यंत एक-दोन हेलपाटे होतील असे धरूनच प्रवेशाचे नियोजन करावे.

शाळा पाहायला जाताना

शाळा पाहायला मधल्या सुट्टीच्या वेळी जावे. कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा पटांगणाच्या कडेला अर्धा तास उभे राहिलेले अधिक उपयोगाचे असते. मुलांचे हात चालू आहेत का, मोठी मुले लहानांना काही समजावून सांगत आहेत का, भांडण झाले तर शिक्षक खुणांनी विचारपूस करतात की नुसतेच दंड धरून बाजूला ओढतात, हे तिथे दिसते. त्यानंतर वसतिगृहात जाऊन स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्रीचे पहारेकरी यांना खुणा येतात का, हे विचारावे. वर्गातले शिक्षक प्रशिक्षित असतातच. पण मुलाला रात्री दोन वाजता ताप आला, तर जागे असणारे माणूस वेगळेच असते.

शाळेत कर्णबधिर प्रौढ कामाला आहेत का, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ऐकू येणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाने आपल्यासारखे मोठे माणूस बहुधा कधी पाहिलेलेच नसते. आमच्या मुलीला पहिल्या वर्षी असे वाटत होते की मोठे झाल्यावर सगळ्यांनाच ऐकू येऊ लागते. वसतिगृहातल्या कर्णबधिर शिवणकाम शिक्षिका भेटल्यावर तिचा हा समज गेला आणि त्या बाईंसारखे व्हायचे तिने मनात घेतले.

आणखी एक प्रश्न पालकांना विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे: रात्री आग लागली किंवा पूर आला, तर मुलांना कसे उठवणार? २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिला आहे; रात्रीतून पाणी किती चढते हे आपल्याला सांगावे लागत नाही. भोंगा किंवा हाका यांचा इथे उपयोग नसतो. खोलीतला दिवा बाहेरून लावता-विझवता येण्याची सोय, प्रत्येक खोलीत जबाबदारी दिलेले एक मोठे मूल आणि वर्षातून काही वेळा घेतलेला रात्रीचा सराव, एवढे तरी असावे. शयनगृहात रात्रभर मंद दिवा असतो का, हेही पाहावे. अंधार झाला की कर्णबधिर मुलांचे बोलणेच बंद होते आणि घराची आठवण त्याच वेळी सर्वांत जास्त येते.

बेटांवरच्या शाळा

मुलीला पाठवायचे ठरत असताना मी जगभरच्या निवासी शाळांविषयी मिळेल ते वाचत होते, त्यात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरील ख्रिस्ती शाळांची माहिती मला विशेष जवळची वाटली. सॉलोमन बेटांच्या देशात शेकडो बेटे आहेत आणि कर्णबधिर मूल अनेकदा अशा गावात वाढते, जिथे त्याच्यासारखे दुसरे कोणीच नसते. तिथे ग्वाडलकॅनल बेटावर कॅथलिक चर्चचे सॅन इसिद्रो हे कर्णबधिरांसाठीचे निवासी केंद्र आहे, तिथे अक्षरओळखीबरोबर हाताच्या कामाचे शिक्षण देतात. संत इसिद्रो हे शेतकऱ्यांचे संत मानले जातात, हे वाचून मला आपल्या करवीर-कागलची शेतकरी घरेच आठवली. फिजीची राजधानी सुवा येथेही कर्णबधिर मुलांसाठी गॉस्पेल स्कूल ही ख्रिस्ती शाळा आहे. पापुआ न्यू गिनीत १९९१ पासून कॅलन सर्व्हिसेस ही कॅथलिक संस्था दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे काम करते. आठशेहून अधिक बोलीभाषा असलेल्या त्या देशाने २०१५ मध्ये खुणांच्या भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा दिला.

त्या मुलांच्या आणि आपल्या मुलांच्या स्थितीत मला एक साम्य दिसते. बेटावरून शाळेत आलेल्या मुलाकडे घरच्या घरी तयार झालेल्या वीस-पंचवीस खुणा असतात. चंदगड किंवा गगनबावड्याच्या वाडीतून आलेल्या मुलाकडेही तेवढ्याच असतात. भूक, पाणी, झोप, मार, म्हैस यांच्यासाठी खूण असते. पण उद्या, काल, का, कदाचित यांच्यासाठी नसते. दहा मुले एका छपराखाली राहू लागली की भाषा वाढते, आणि निवासी शाळेच्या बाजूने देता येण्यासारखे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते. फिजीत २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळ आले तेव्हाच्या बातम्या वाचताना मला आधी तिथल्या कर्णबधिर मुलांची काळजी वाटली, आणि रात्री मुलांना उठवण्याचा वरचा प्रश्न मी आमच्या शाळेला त्यानंतरच विचारला.

भारतातही कर्णबधिरांचे शिक्षण मिशनच्या मार्गानेच सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मुंबईत कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने आणि तमिळनाडूत पालायमकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेनसन यांच्या प्रयत्नांनी अशा शाळा निघाल्या. त्याच काळात, १८८० मध्ये, मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणा सोडून फक्त ओठांच्या बोलण्यावर भर देण्याचा ठराव केला आणि त्याचे परिणाम मुलांनी शंभर वर्षे भोगले. हात बांधून, हातावर छडी मारून बोलायला लावलेल्यांच्या आठवणी अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. याच परिषदेच्या २०१० मधील व्हँकुव्हर अधिवेशनाने त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणून “आम्ही खुणा करू देत नाही, त्याने बोलणे मागे पडते” असे कोणत्याही शाळेने सांगितले, तर पालकांनी तिथून नम्रपणे उठून यावे. वाचा-उपचार जरूर घ्यावेत, श्रवणयंत्र जरूर वापरावे. परंतु त्यासाठी मुलाचे हात बंद करू देऊ नयेत.

प्रार्थनेविषयी

मिशनची शाळा म्हटले की नातेवाईक धर्माचा प्रश्न काढतात. तो मनात ठेवून कुढण्यापेक्षा पहिल्याच भेटीत फादरांना किंवा सिस्टरांना सरळ विचारावा. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आमच्या शाळेने हे स्वतःहून सांगितले आणि आम्ही विचारपूर्वक संमती दिली.

ती प्रार्थना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या ध्यानात आले की एकाही मुलाने डोळे मिटलेले नाहीत आणि हातही जोडलेले नाहीत. डोळे मिटले तर समोरची खूण दिसणार नाही आणि हात जोडले तर प्रार्थना म्हणता येणार नाही. साठ मुले टक लावून एका सिस्टरांच्या हातांकडे पाहत होती आणि साठ जोड्या हात एकदम वर जात होते. त्यानंतर आम्ही घरी गणपतीची आरती करतानाही मुलीला समोर, उजेडात उभे करू लागलो. त्याआधीची सगळी वर्षे ती मागच्या रांगेत टाळ्या वाजवत नुसतीच उभी असे.

निघण्यापूर्वीची तयारी

खुणा शिकण्यासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा चित्रफीत-कोश मोबाइलवर विनामूल्य पाहता येतो. तो पहिल्यापासून पाठ करत बसू नये. रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताटातल्या आणि घरातल्या पाच गोष्टी घ्याव्यात आणि त्या जेवणापुरते सगळ्यांनी त्याच खुणा वापराव्यात. आईसाठी नाकावरच्या चमकीच्या जागी बोट, वडिलांसाठी मिशीवरून बोट, अशी सुरुवात सोपी असते. काही खुणा गावोगाव वेगळ्या असतात, म्हणून शाळेत ज्या वापरतात त्या विचारून घ्याव्यात. तांबड्या रश्श्याची खूण आम्हाला कोशात सापडली नाही, ती मुलीनेच तयार केली: आधी लाल, मग जीभ बाहेर काढून हाताने वारा घालणे.

दुसरी तयारी दिनदर्शिकेची. कालनिर्णयच्या पानावर शाळेत जाण्याच्या दिवशी शाळेचा फोटो आणि आईवडील भेटायला येणार त्या दिवशी आपला फोटो चिकटवावा, आणि निघण्यापूर्वी किमान महिनाभर रोज एक दिवस मुलाच्या हातून खोडून घ्यावा. ज्या मुलाला “परत येते” हे शब्दांत सांगता येत नाही, त्याला ते कागदावर दाखवता येते. त्याच पानाची प्रत मुलाच्या पेटीत आणि एक अधीक्षकांकडे द्यावी. बरोबर घरातल्या माणसांचा छोटा अल्बमही द्यावा, म्हणजे शाळेत मुलाला आपल्या घराबद्दल बोलता येते.

श्रवणयंत्रासाठी बॅटऱ्यांची पाकिटे, ओलावा शोषणारी डबी आणि यंत्राचा कानात बसणारा साचा धुण्याची छोटी पिचकारी द्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्र रात्री डबीत ठेवले नाही तर ते पाहता पाहता बिघडते. मूल वाढते तसा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. मुलाला ती शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून शिक्षकांनी कळवावे असे सांगून ठेवावे.

सोडून येताना

इथे आमची चूक झाली. मुलगी खेळात रमली आहे, तोवर निघा, असा सल्ला तिथल्या एका कर्मचाऱ्याने दिला आणि आम्ही मागच्या दाराने निघून आलो. ऐकू येणाऱ्या मुलाला नंतर कोणीतरी समजावते, पावले दूर गेलेली त्याला कळतात. आमच्या मुलीने मान वर केली तेव्हा आई-बाबा जगातून नाहीसे झालेले होते. पुढे दोन वर्षे, घरी असतानासुद्धा, ती माझ्या पदराचे टोक मुठीत धरूनच झोपत असे. मूल कितीही रडो, त्याच्यासमोर बसून, दिनदर्शिकेवरच्या आपल्या फोटोवर बोट ठेवून, निरोपाची खूण करून आणि त्याला ती करायला लावून मगच उठावे.

त्यानंतरचा आधार म्हणजे व्हिडिओ कॉल. मोबाइल हातात धरला की एकाच हाताने बोलावे लागते, म्हणून तो डब्याला टेकवून ठेवावा आणि कंबरेपासून वरचा भाग दिसेल इतके मागे बसावे. पाठीमागे खिडकी नको, कारण चेहरा काळा दिसतो. अंगात फुलाफुलांचे कपडे नकोत, त्यात बोटे हरवतात. एका वेळी एकानेच बोलावे. सगळे कुटुंब एकदम हात हलवू लागले की मूल हसते खरे, पण त्याला काहीच समजत नाही. काय जेवलीस, हा प्रश्न रोज विचारण्यापेक्षा आज म्हशीला रेडकू झाले हे सांगावे आणि रेडकू दाखवावे.

पहिल्या दिवाळीत मुलगी घरी आली तेव्हा तिचे हात इतके भरभर चालत होते की आम्हाला चारातली एक गोष्ट कळत होती. तिने तीनदा सांगून पाहिले आणि मग हात मांडीवर ठेवून ती टीव्हीकडे पाहत बसली. त्या दिवसापासून सासूबाईंनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नातीला समोर बसवून रोज दोन खुणा शिकायला सुरुवात केली. आता सुट्टीत दोघींचे बोलणे रात्री उशिरापर्यंत चालते. परवा पावसात वीज गेली, तेव्हा मुलीने उठून टॉर्च आणला, तो उशीला टेकवून आजीच्या हातांवर उजेड पडेल असा ठेवला आणि पुढची गोष्ट सांगण्याची खूण केली.