विंडोज पुन्हा टाकण्यापूर्वी

सांगलीत घरातला किंवा दुकानातला संगणक अडून बसला की 'फॉरमॅट मारून घ्या', म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाका, हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी अमलात आणावा. फॉरमॅट केल्यावर सी ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली कागदपत्रे सहसा त्याच ड्राइव्हवर असतात. शिवाय दोष विजेत, सैल जोडात किंवा संपलेल्या सेलमध्ये असेल, तर नवे विंडोज टाकूनही तो जसाच्या तसा राहतो. म्हणून तपासणी विजेपासून सुरू करावी आणि सॉफ्टवेअरकडे नंतर वळावे.

सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीतल्यासारख्या घरांत अर्थिंग नसते किंवा असले तरी कोठेतरी तुटलेले असते, असे पुष्कळदा आढळते. सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या डब्याच्या, पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर प्रथम सॉकेट तपासून घ्यावे. एसएमपीएसमधील, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यातील, फिल्टरमधून अत्यल्प प्रवाह पत्र्याकडे येतच असतो आणि तो तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जावा अशी रचना असते. ती वाट बंद असली की २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब पत्र्यावर येतो. यावर वायरमनकडून नीट अर्थिंग करून घेणे हाच उपाय आहे. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देण्याची पळवाट कदापि स्वीकारू नये, कारण मागे कोठे न्यूट्रल तुटली तर पूर्ण फेज पत्र्यावर येतो आणि तो जिवावर बेततो.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून बीप ऐकू येते, ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीवर ओलाव्याने धरलेला मळ हे तिचे बहुधा कारण असते. वायर भिंतीतून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज उतरते, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावावा आणि मग खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर उचलावी. सोनेरी पट्ट्यांवरून स्वच्छ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा झटकून टाकावा आणि त्या पट्ट्यांना पुन्हा बोट लावू नये. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोके दाबावीत. खिट्टी 'टक' असा आवाज करून आपोआप मिटली नाही, तर रॅम पुरती बसलेली नाही असे समजावे. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाला लागून असलेल्या कार्यालयांनी आतली धूळही वरचेवर काढावी, कारण हळदीची बारीक पूड पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो हवेच्या जोराने बेफाम फिरला तर त्याचे बेअरिंग जाते.

सर्वांत जास्त दिशाभूल करतो तो मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल. तो उतरला की संगणक सुरू करताच तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते, आणि त्यानंतर बँकेचे संकेतस्थळ, जीएसटीचे पोर्टल, ईमेल यांपैकी काहीच उघडत नाही. ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असे बजावत राहतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या दरम्यानच ग्राह्य असते, त्यामुळे संगणक २०१५ सालात असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते. लोक मात्र इंटरनेटवाल्याला फोन करतात किंवा व्हायरस आला असे मानून फॉरमॅटकडे वळतात. आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची पद्धत आहे, ती योग्यच आहे, पण तेवढा वेळ घड्याळ या सेलवरच चालते, म्हणून दोष सकाळी उघडा पडतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा सेल असतो: ३ व्होल्ट, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. जुना काढण्यापूर्वी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रणालीच्या, पडद्यांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत, कारण सेल निघताच बायोसच्या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. विशेषतः हार्ड डिस्कचा साटा मोड, म्हणजे मदरबोर्डने डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि तेथेही पुन्हा फॉरमॅटचाच सल्ला मिळतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा आणि बायोसमध्ये तारीख, वेळ व साटा मोड फोटोशी ताडून पाहावेत.

रोज 'शट डाउन' करूनही संगणक दिवसेंदिवस मंद होत असेल, तर त्याचे कारण निराळे आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे; तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सारे खरोखर नव्याने सुरू होते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडले तरी संगणक पूर्ण बंद होतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' पाहावा. तो अनेक दिवसांचा दिसला तर रीस्टार्ट करून पाहावे.

कीबोर्ड नवा घेण्यापूर्वीही थोडे थांबावे. एक्सेलमध्ये बाणाच्या कळा दाबल्यावर रकाना न बदलता सारे पानच सरकत असेल, तर स्क्रोल लॉक चालू आहे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली तर 'फिल्टर की' चालू होण्याचा प्रश्न पडद्यावर येतो आणि घाईत एंटर दाबले की मान्यही होतो. मग कळ चटकन दाबली तर अक्षर उमटतच नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंगमधील 'अॅक्सेसिबिलिटी' विभागात ही सोय बंद करता येते. विंडोज १० मध्ये याच विभागाचे नाव 'ईझ ऑफ अॅक्सेस' असे आहे.

एवढे पाहूनही विंडोज टाकण्याची वेळ आलीच, तर डेस्कटॉप, डाउनलोड आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. जुनी मराठी पत्रे श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्टही सोबत उचलावेत, कारण त्यांच्याविना तो मजकूर इंग्रजी अक्षरे व चिन्हांच्या निरर्थक ओळींसारखा दिसतो. बाहेरच्या डिस्कवरच्या दोन-चार फाइली शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच यंत्र दुरुस्तीला द्यावे.