सड्यावर चौकट ठेवताना
कासच्या पठारासारख्या जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या, सपाट खडकाळ माथ्यावर, पावसाळ्याअखेर वनस्पतींची गणना करताना विद्यार्थी 1 मीटर बाजूची चौकट, म्हणजेच क्वाड्रॅट, खांद्यावरून मागे फेकतात आणि ती पडेल तेथे मोजणी सुरू करतात. ही निवड यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने झालेली, वाटली तरी तशी नसते, कारण फेकणाऱ्याने उभे राहण्याची जागा आधीच निवडलेली असते आणि ती बहुधा फुलांनी भरलेली, चालायला सोपी अशी असते. त्याऐवजी दोन मोजपट्ट्या परस्परांना काटकोनात अंथराव्यात, घरूनच काढून आणलेल्या यादृच्छिक अंकांच्या जोड्यांनुसार जागा ठरवावी आणि तेथे उघडा खडक आला तरी ती बदलू नये. रिकामी चौकट हीदेखील नोंदच आहे.

सड्यावर उथळ डबकी, पातळ मातीचा थर आणि खडकाच्या भेगा यांतील वनस्पती वेगवेगळ्या असल्याने प्रत्येक अधिवासात स्वतंत्र चौकटी घ्याव्यात. चौकटीच्या कडेवर येणाऱ्या रोपांबाबत नियम आधीच ठरवावा: दोन लगतच्या बाजूंवरील रोपे धरावीत, उरलेल्या दोन बाजूंवरील सोडावीत. गेंदासारख्या (पांढऱ्या गोल फुलोऱ्यांच्या छोट्या वनस्पतीसारख्या) दाट वाढणाऱ्या वनस्पतीत रोपे मोजत बसण्यापेक्षा व्यापलेल्या क्षेत्राची टक्केवारी नोंदवणे अधिक विश्वासार्ह ठरते. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात, कारण शाई पावसात पसरते. पाऊल मात्र शक्यतो उघड्या खडकावरच ठेवावे, कारण सड्यावरील मातीचा थर फार पातळ असतो.