बा परगण्याच्या दफ्तरातून छिंगकालीन समाज वाचताना या चुका टाळा

नैर्ऋत्य चीनमधील छोंगछिंग शहर आणि त्याभोवतीची खेडी मिळून छिंग राजवटीत, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, बा परगणा होत असे. त्याच्या कचेरीचे अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९११ पर्यंतचे, सुमारे १ लाख १३ हजार फायलींचे दफ्तर टिकून राहिले आहे. जमीन, कर्ज, लग्नसंबंध, चोरी, व्यापार अशा असंख्य तंट्यांचे कागद त्यात असल्यामुळे सामान्य माणसाचा इतिहास शोधणाऱ्यांची पावले तिकडे वळतात. परंतु हे कागद इतिहासकारांसाठी नव्हे, तर कचेरीच्या कामासाठी तयार झाले होते, आणि बहुतेक चुका एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

पहिली चूक वाचन सुरू होण्यापूर्वीच होते. छोंगछिंगचे दफ्तर छोंगछिंगमध्येच असणार, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात जपानविरोधी युद्धाच्या काळात हे कागद शहराबाहेरच्या एका देवळात हलवण्यात आले, पुढे त्यांची आणखी काही स्थलांतरे झाली आणि आता ते चेंगदू येथील सिचुआन प्रांतीय अभिलेखागारात आहेत. १९९७ मध्ये छोंगछिंग सिचुआनपासून वेगळे झाले, तरी कागद तेथेच राहिले. तेथे जाण्यापूर्वी एखाद्या संस्थेचे परिचयपत्र मिळवावे आणि कोणत्या फायली पाहायला मिळतात याची लेखी चौकशी करावी.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फिर्याद हीच हकीकत मानणे. फिर्याद चौकोन आखलेल्या छापील नमुन्यावर, ठरावीक अक्षरसंख्येत लिहावी लागे आणि तिच्यावर कचेरीने नेमलेल्या लेखनिकाचा शिक्का लागे. फिर्यादी स्वतःला ‘यी’ म्हणजे ‘मुंगी’ म्हणवतो. या शब्दावरून त्याच्या दैन्याचा अंदाज बांधणारे वाचक आढळतात. पण सधन जमीनदारही त्याच नमुन्यावर मुंगीच होतो, कारण तो अर्जाचा रिवाज होता. आपल्याकडच्या अर्जातील ‘आज्ञाधारक’ या शब्दावरून कोणी अर्जदाराचा स्वभाव ठरवत नाही, तसेच हे. मारहाणीच्या वर्णनांचेही असेच आहे. किरकोळ भांडणाची फिर्याद न्यायाधिकारी दाखल करून घेणार नाही, या भीतीने ढकलाढकलीची जीवघेणी मारहाण होत असे आणि उधारी मागायला आलेला सावकार घर लुटायला आलेला गुंड ठरत असे. अधिकाऱ्यांनाही हे चांगले ठाऊक होते. त्यांच्या शेऱ्यांत या अतिशयोक्तीबद्दल झापलेले वारंवार दिसते.

यावर उपाय म्हणजे एकाच फायलीतील फिर्याद, प्रतिवादीचा उलट अर्ज, जखमांच्या तपासणीचा अहवाल आणि जबान्या शेजारी शेजारी ठेवून वाचणे. मुख्य आरोपापेक्षा दोन्ही पक्ष जाता जाता जे मान्य करतात, ते अधिक विश्वासार्ह असते. कुळाने जमीन घेताना अनामत किती भरली, खंड कोणत्या हंगामात द्यायचा, करार कोणासमोर झाला, यांवर वाद नसल्यामुळे खोटे बोलण्याचे कारणही नसते. मात्र जबानी कारकुनाने कचेरीच्या भाषेत बसवलेली असते, हे तेथेही विसरू नये.

मोजणी करणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. उन्हाळ्यात जमीन, लग्न आणि देण्याघेण्याच्या फिर्यादी कमी दिसतात, म्हणून तेव्हा खेडी शांत असत असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक चौथ्या चांद्रमासाच्या आरंभापासून सातव्या मासाच्या अखेरीपर्यंत, शेतीच्या हंगामामुळे, अशा ‘किरकोळ’ फिर्यादी स्वीकारू नयेत असा नियमच होता. आलेखातील तो उतार कचेरीच्या दाराचा आहे, गावातील सलोख्याचा नव्हे.

फायलीत निकाल नसला की पाने हरवली, असे वाटते. ती हरवलेली असूही शकतात. परंतु इतिहासकार फिलिप ह्वांग यांनी बा परगण्यासह तीन ठिकाणच्या दफ्तरांतील ६२८ दिवाणी प्रकरणे तपासली, तेव्हा २२१ प्रकरणेच औपचारिक सुनावणीपर्यंत पोहोचलेली आढळली. उरलेल्यांत पंचांनी मिटवलेली आणि नुसतीच सोडून दिलेली प्रकरणे पुष्कळ होती. फिर्याद दाखल करणे हा पुष्कळदा समोरच्याला तडजोडीला बसवण्याचा मार्ग असे. म्हणून शेवटच्या पानांत तडजोडीचा अर्ज आहे का, हे आधी पाहावे.

शब्दांच्या बाबतीत शब्दकोश दगा देतो. ‘कझांग’ या शब्दातील ‘क’चा अर्थ पाहुणा, पण कझांग म्हणजे पाहुण्यांचा यजमान नव्हे, तो बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा मुखिया. हूग्वांग, च्यांगशी, फूच्येन अशा प्रांतांतून आलेल्यांच्या वस्तीवर छोंगछिंग उभे राहिले होते, आणि आठ प्रांतांच्या संघांचे हे मुखिये व्यापारी तंटे सोडवत. स्त्रियांची नावे हा आणखी एक सापळा आहे. ‘झांग ली शी’ हे पूर्ण नाव नसून ‘झांग घराण्यात दिलेली ली घराण्याची मुलगी’ एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या जुन्या जमीनकागदांतील ‘कोम’ (अमक्याची बायको) ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटकन कळेल. तेथे निदान बाईचे स्वतःचे नाव तरी असते. सूचीत सारख्या दिसणाऱ्या दोन ‘झांग ली शी’ एकच समजू नयेत. नवऱ्याचे नाव, वय आणि गाव जुळवून पाहावे.

तारखांचे गणित मराठी वाचकाला सोपे जावे, तरीही घाई नडते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवून मोकळा होणारा माणूस पौष-माघाच्या कागदाला जसा फसतो, तसेच येथे होते: ग्वांगशू या सम्राटाच्या कारकिर्दीचे २० वे वर्ष म्हणजे १८९४ खरे, पण त्याच्या बाराव्या महिन्यातील बहुतेक दिवस जानेवारी १८९५ मध्ये पडतात. अधिक महिनाही तपासावा. १९०० मध्ये आठवा महिना दोनदा आला होता. रकमांबाबत तर रूपांतराचा मोहच टाळावा. चांदी मोजण्याच्या ‘ल्यांग’ या एककाचे वजन बाजारागणिक बदलत असे आणि हजार नाण्यांच्या माळेत पूर्ण हजार नाणी असतीलच, असे नव्हते. मूळ एकक जसेच्या तसे टिपून ठेवावे.

सूचीतील वर्गवारी नंतरच्या अभिलेखपालांनी केलेली आहे. ‘स्त्रिया’ या वर्गातील प्रकरण मुळात कर्जाचे निघते आणि कर्जाच्या वर्गात विकलेल्या बायकोची कथा सापडते. म्हणून एकाच वर्गाच्या फायली मोजून समाजाचे प्रमाण काढू नये. छापील निवडींवरून तर मुळीच नाही, कारण संपादकांनी त्या आपल्या विषयांना धरून वेचलेल्या असतात.

शेवटची चूक डोळ्यांची आहे. अनेक वाचक कृष्णधवल सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) काम करतात. अधिकारी लाल शाईने लिहीत, नावांवर लाल ठिपके आणि खुणा करीत. कारकुनाचा मसुदा मात्र काळ्या शाईत असे. सूक्ष्मपटावर दोन्ही सारखेच करडे दिसतात, त्यामुळे कारकुनाने सुचवलेला मजकूर अधिकाऱ्याचा हुकूम म्हणून उद्धृत होतो. एखादा शेरा तुमच्या मांडणीचा आधार असेल, तर त्या पानाची रंगीत प्रत मागवा. ती मिळत नसेल, तर हस्ताक्षराचे वळण आणि ओळींमधील जागा पाहून तो कोणाचा हे ठरवा आणि टिपणात तसे स्पष्ट नोंदवा.