बग शोधताना: कोडला हात लावण्यापूर्वीचे काम

प्रोग्राममध्ये चूक, म्हणजेच बग, आढळली की कोड उघडून काहीतरी बदलून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अनुभवी डेव्हलपर तो आवरतात, कारण मूळ समजण्याआधी केलेल्या बदलाने चूक दिसेनाशी झाली, तरी ती दुरुस्त झाली की नुसती दडून बसली, हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्वप्रथम ती चूक हवी तेव्हा पुन्हा घडवून आणता आली पाहिजे. ‘रिपोर्ट चुकतो’ एवढ्या तक्रारीवरून काहीच हाती लागत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या डेटावर, कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबल्यावर तो चुकतो, हे विचारून घ्यावे. त्यानंतर डेटा कमी करत जावे. हजारो नोंदींवर दिसणारी चूक दोन नोंदींवर दाखवता आली, तर अर्धे काम झाले असे मी मानतो.

एरर मेसेज पूर्ण वाचावा. हे सांगण्याची गरज भासू नये, पण घाईत पहिली ओळ वाचून पुढे जाणारे पुष्कळ असतात. पायथन भाषेच्या ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक होईपर्यंत कोड कोठून कोठे गेला याच्या यादीत, प्रत्यक्ष एरर सर्वांत शेवटच्या ओळीत असते, तर जावा भाषेच्या अशाच लांबलचक यादीत, स्टॅक ट्रेसमध्ये, मूळ कारण बहुधा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ (‘यामुळे घडले’) या शब्दांपाशी सापडते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. मासिक रिपोर्टची बेरीज दर महिन्याला थोडी कमी भरते. कोणत्या नोंदी गळतात हे तपासले, तर त्या सगळ्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघतात. येथे एक अंदाज बांधता येतो: क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे नोंदी मागणारी आज्ञा, ‘३१ तारखेपर्यंत’ असे म्हणत असली, तरी डेटाबेस त्या तारखेचा अर्थ ३१ तारखेचे ००:०० असा घेत असावा, आणि त्यामुळे त्या क्षणानंतरच्या दिवसभराच्या नोंदी वगळल्या जात असाव्यात. अंदाज खरा असेल, तर ३१ तारखेला बरोबर ००:०० वाजता केलेली नोंद रिपोर्टमध्ये यायला हवी आणि ००:०१ ची येता कामा नये. अशा दोन नोंदी घालून पाहिल्या की एका मिनिटात निकाल लागतो. हीच परीक्षा न करता कोणी घाईने शेवटच्या तारखेत एक दिवस मिळवला असता, तर बेरीज बरोबर दिसली असती. मात्र पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ठीक ००:०० वाजता झालेली नोंद दोन्ही महिन्यांत मोजली गेली असती. योग्य अट ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपूर्वी’ अशी आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि अंदाज चुकला तर तो बदल मागे घ्यावा. काय तपासले आणि काय दिसले, हे लिहून ठेवावे. तिसऱ्या तासाला पहिल्या तासातले आठवत नाही.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट मध्येच बिघडली असेल, तर कोड वाचत बसण्यापेक्षा कोडमधल्या बदलांचा इतिहास निम्म्याने छाटत जाणे श्रेयस्कर. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ची ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा नेमके हेच करते: चांगला आणि बिघडलेला असे दोन कमिट (नोंदवलेले बदल) सांगितले की ते मधला कमिट तपासायला देते, आणि १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत हाती येतो. हे साधन हवे तितके वापरले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या, वेळेवर अवलंबून असलेल्या चुका सर्वांत चिवट असतात, कारण ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवणारी खूण) लावला किंवा एखादी प्रिंटची ओळ घातली, तरी वेळेचे गणित बदलते आणि चूक गायब होते. अशा वेळी प्रोग्राम न थांबवता, प्रत्येक ओळीत वेळ आणि थ्रेडचा क्रमांक असलेला हलका लॉग (घडामोडींची नोंद) ठेवून तीच चाचणी शेकडो वेळा चालवावी, आणि फसलेल्या व यशस्वी वेळचे लॉग शेजारी ठेवून त्यांचा क्रम नेमका कोठे वेगळा होतो ते पाहावे.

कारण सापडल्यावरही लगेच दुरुस्ती करू नये. आधी चूक पकडणारी टेस्ट, म्हणजे निकाल आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहावी, ती फसते हे डोळ्यांनी पाहावे, मगच कोड सुधारावा. वरच्या उदाहरणात ती टेस्ट तीन नोंदींची असेल: ३१ तारखेच्या ००:०० आणि २३:५९ या नोंदी मोजल्या जाव्यात, १ तारखेची ००:०० ची मोजली जाऊ नये. ती पास झाल्यावर तारखांची अशीच तुलना आणखी कोठे केली आहे, हे साऱ्या कोडमध्ये शोधावे.