कोर्टातली थरारकथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की आमच्याकडं खून-खटल्याच्या कथांचा ढीग येतो, आणि चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पोलीस स्टेशनातली कबुली. अक्कलकोट रोडकडच्या एका पोरानं कथा आणली, पॉवरलूम कारखान्यात मालकाचा खून, संशय जॉबरवर, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमावर, साहेब दोन ठेवून देतात, जॉबर कबूल होतो आणि कोर्टात तीच कबुली वाचून जन्मठेप. ओळखीचे एक रिटायर शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले काका आहेत, त्यांना वाचायला दिली तर तिथंच कागद खाली ठेवले. "पोलिसापुढची कबुली पुराव्यात येत नाही की ओ, पुढं काय वाचू?" पोरगा म्हणतो, सर, वाचकाला कुठं कळतंय! कळतंय बाबा. भावकीत वाटणीचा दावा नाही असं घर दाखव मला सोलापुरात.

आणि खरी गंमत त्या नियमातच आहे. कबुली बाद, पण आरोपीनं सांगितलेल्या जागी हत्यार सापडलं तर त्या जागेपुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. आता बघा, बाचक्यांच्या मागं कात्री सापडली, पण जॉबरनं दाखवली का पोलिसांनीच आधी ठेवली? जप्तीच्या वेळचा साक्षीदार, म्हणजे पंच कोण, तर स्टेशनसमोरचा चहावाला, आणि तोच उलटतपासणीत फितूर. खून कुणी केला हे वाचकाला माहीत असलं तरी सुटतो का अडकतो ह्यात तो शेवटपर्यंत लटकतो. पोराला हे सगळं समजावलं तर संध्याकाळी व्हॉट्सॅपवर नवा शेवट हजर, बाकी कथा जशीच्या तशी! अरे तो पंचनामा तिसऱ्या पानावर पेरावा लागतो, घाई कसली एवढी.

दुसरी चूक, लपवाछपवी. कथा सांगणारा वकील स्वतःच, सगळा उलगडा करणारी पावती पहिल्या पानापासून त्याच्या खिशात, आणि काढतो कधी तर शेवटच्या पानावर. ह्याला मी रहस्य म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. सरकारी वकिलालापण असं अचानक काही काढता येत नाही, दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला आधीच मिळालेल्या असतात, नवा साक्षीदार आणायचा तर कोर्टाची परवानगी लागते आणि समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेणारच. मी वहीत तीन रकाने पाडतो: जज्जला काय माहीत, आरोपीला काय माहीत, वाचकाला काय माहीत. तिन्ही सारखे भरले की ते प्रकरण फाडायचं.

बाकीच्या किरकोळ. आपल्याकडं जज्ज हातोडा आपटत नाहीत. ज्युरी, म्हणजे निकाल देणारी सामान्य नागरिकांची मंडळी, नको; नौदल अधिकारी नानावटीच्या खून-खटल्यात १९५९ला ज्युरीनं निर्दोष म्हटलं ते हायकोर्टानं फिरवलं, आणि १९७३च्या फौजदारी संहितेत तर ज्युरी उरलीच नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला ३०२ लावू नका, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. अटकेतल्या खुनाच्या आरोपीचं दोषारोपपत्र ९० दिवसांत आलं नाही तर त्याला हक्कानं जामीन मागता येतो, एवढं आयतं घड्याळ मिळालेलं असताना लोक बॉम्ब का शोधतात कळत नाही.

आणि "सर, शॉर्टकट सांगा ना" म्हणणाऱ्यांनी सेशन कोर्टात मागच्या बाकावर दिवसभर बसावं, खटला उघड्या कोर्टात चालतो, कुणीपण ऐकू शकतं. मोबाईल बंद करून जा फक्त, नाहीतर पट्टेवाला पहिल्या पुकाऱ्यालाच बाहेर काढेल.