डच शेजारीण एकदाच विचारते

नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टलव्हेनला आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारणीने कॉफी विचारली. मी आपल्या वळणाने 'नको, नको' म्हणाले. तिने मान डोलावली आणि बिस्किटांचा डबा बंद करून टाकला! रागाबिगाने नाही. इथे आग्रह हा प्रकारच नाही, नको म्हणजे नको. म्हणून नवीन आलेल्यांना मी आधी दोन उत्तरं पाठ करायला लावते. हवं असेल तर 'या, ख्राख'. नको असेल तर 'ने, दांक य'. नुसतं 'दांक य' म्हणालात तर बऱ्याचदा तो नकारच समजला जातो.

'ख्राख'मधले दोन्ही 'ख' घशातून खरवडून काढायचे. याचा अर्थ 'आवडीने', आणि वाक्यात तो क्रियापदाला चिकटतो: 'इक ड्रिंक ख्राख ते', म्हणजे मी आवडीने चहा पिते. चहापेक्षा कॉफी बरी वाटत असेल तर 'लीफर कॉफी', सगळ्यात जास्त आवडत असेल तर 'हेट लीफ्स्ट'. एवढ्यावर वर्ष निघतं.

पदार्थ आवडला की 'लेकर' म्हणा. हवा, झोप, सुट्टीही 'लेकर' असते, पण माणसाला मात्र चुकूनही म्हणू नका, भलताच अर्थ होतो. गंमत वाटली, कार्यक्रम आवडला तर 'ल्योक'. तेही थेट माणसाला 'इक फिंट य ल्योक' म्हणालात तर ते प्रेमाची कबुली दिल्यासारखं होतं. सहकारी स्वभावाने चांगला आहे एवढंच सांगायचं असेल तर 'आर्दख' बेताचा.

खाणं घशाखाली उतरत नसेल तर 'लुस्टन' हे क्रियापद. मी खारट द्रॉप, म्हणजे ज्येष्ठमधाची गोळी, तोंडात घातली त्या दिवशी 'दात लुस्ट इक नीट' (हे मला खाववत नाही) कायमचं शिकले. कार्नमेल्क मात्र जरूर घ्या, आपल्या ताकाच्या फार जवळचं आहे. मिरची-कोथिंबीर आपण घालायची. शाकाहारी असाल तर पार्टीत बिटरबाल (तळलेला छोटा गोळा) उचलण्याआधी विचारा, बहुतेक वेळा आत गोमांस असतं.

बाजारात चीजवाला काय देऊ विचारेल तेव्हा 'काहीही चालेल' उपयोगाचं नाही, तो पाहतच राहतो. 'दू मै मार योंग कास' म्हणा. यातला 'मार' म्हणजे थेट आपलं 'आपलं': मला आपलं कोवळं चीजच द्या.

आणि सगळे विचारतात तो प्रश्न: 'बफाल्ट हेट हिर?' इथलं मानवलं का? उत्तर, 'हेट बफाल्ट म खूट'. मानवण्यासारखंच, गोष्ट आपल्याला मानवते. माझ्या नवऱ्याने ऑफिसात ते उलटं केलं आणि 'इक बेन खूट बफालन' म्हणाला. म्हणजे, माझं बाळंतपण छान झालं. टेबलावरच्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, मुलगा की मुलगी?