पोस्ट उडवण्याआधीचं काम

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. चाकरमानी गावी पोचायला लागले होते. लोकांनी टाकलेल्या पोस्ट आणि कमेंट तपासून त्या ठेवायच्या की काढायच्या हे ठरवणं, म्हणजे मॉडरेशन, हे माझं काम. आमच्याकडे एक अपील, म्हणजे काढलेली कमेंट परत तपासा अशी मागणी, आलं. मालवणच्या धक्क्यावरच्या एका फोटोखाली कोणीतरी लिहिलं होतं, "मेल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार! घराक इलंस आणि माका सांगूक नाय?" यंत्राने कमेंट अडवली होती. पहिल्या तपासणीला बसलेला सहकारी विदर्भातला. त्याला तोंडावर काहीतरी पडो म्हटलंय एवढंच कळलं. त्याने कमेंट उडवली आणि लिहिणाऱ्याला तीन दिवस ब्लॉक केलं.

मी कुडाळची. हे मालवणी वाक्य मी आजीच्या तोंडून रोज, लाडाने रागावताना, ऐकत वाढले. खाली पाहिलं, तर ज्याला शाप दिला होता त्यानेच उत्तर दिलं होतं, "उद्या ये जेवूक." दोघं चुलतभाऊ. कमेंट परत लावली, ब्लॉक काढला.

त्याच आठवड्यात तेच शब्द एका महिला सरपंचाच्या फोटोखाली आले. दहा मिनिटांत अकरा खात्यांवरून, त्यातली बरीचशी खाती नवी, एकही तिच्या ओळखीचं नाही. त्या सगळ्या कमेंट मी काढल्या. (कामाच्या कराराप्रमाणे ओळख पटेल असं काही सांगता येत नाही, म्हणून इथे सगळीकडे तपशील बदलले आहेत.)

या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी आधी हीच दोन उदाहरणं देते. कोण कोणाला म्हणतंय, कुठे म्हणतंय, त्याआधी काय घडलं, हे पाहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि जे ठरवलं त्याचं कारण दोन ओळींत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या अपील तपासणाऱ्याला तुमच्या डोक्यात काय होतं ते कळेल. "आक्षेपार्ह" एवढाच शेरा मारणं म्हणजे काहीच न लिहिणं.

आता काम कसं चालतं ते. लोक टाकतात त्यातलं बहुतेक कोणी माणूस पाहतच नाही. आधी यंत्राची चाळणी लागते. आधीच ओळख पटलेला बेकायदा फोटो, विशेषतः लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा, त्याच्या ठशावरून पकडला जातो. फोटोचं गणिती रूप काढून ते साठवलेल्या ठशांशी जुळवतात. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये तयार केलेलं फोटोडीएनए हे त्यातलं सर्वांत परिचित. फोटो थोडा लहानमोठा केला, रंग बदलले, तरी ते ओळखतं. शब्दांच्या बाबतीत मात्र यंत्र इतकं पक्कं नाही. प्रमाण मराठीत त्याचं बरं चालतं. मालवणीत, आगरीत किंवा रोमन लिपीत मनाला येईल तशा स्पेलिंगने लिहिलेल्या मराठीत ते अडखळतं. एका मच्छीमार काकांची "आज दहा किलो बांगडो मारलंय" ही पोस्ट हिंसा म्हणून अडकलेली मी पाहिली आहे.

यंत्राला खात्री नसते ते आणि लोकांनी रिपोर्ट केलेलं, असं दोन्ही आमच्या रांगेत येतं. रांग आलेल्या क्रमाने चालत नाही. लहान मूल, आत्महत्येचा इशारा, प्रत्यक्ष मारहाणीची धमकी हे आधी. जाहिरातींचा कचरा शेवटी. जीव द्यायची भाषा दिसली तर पोस्ट गुपचूप काढून मोकळं व्हायचं नसतं. लगेच वरच्या टीमकडे पाठवायचं आणि त्या माणसापर्यंत मदतीचा नंबर पोचवायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ तुम्हाला झोपेतही आठवला पाहिजे.

एका पोस्टवर किती रिपोर्ट आले याला फारसा अर्थ नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलची पोरं एकमेकांच्या पोस्ट सामूहिकपणे रिपोर्ट करतात. शंभर रिपोर्ट असलेल्या पोस्टमध्ये कधी नुसता रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो असतो. उलट हापूसच्या नावाने आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्याच्या पोस्टवर एकच रिपोर्ट येतो, आणि तोच खरा असतो. तिथेही सावध राहावं लागतं. फसवलेला माणूस रागाच्या भरात समोरच्याचा फोन, घरचा पत्ता, बायकोचा फोटो टाकतो. तक्रार ठेवायची, पत्ता आणि फोटो काढायला लावायचा.

माझी सर्वांत मोठी चूक पगारी कामाच्या आधीची आहे. २२ जुलै २०२१. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा मी कोकणातल्या लोकांच्या एका ग्रुपची ॲडमिन होते. बाकीचे दोघं ॲडमिन मुंबईत. वाशिष्ठी नदीचं पाणी चढत होतं आणि ग्रुपवर "धरण फुटलं" अशी पोस्ट आली, सोबत फोटो. तिवरे धरण २०१९ च्या जुलैत फुटलं, माणसं गेली. त्याला दोनच वर्षं झाली होती. चिपळूण तालुक्यात हे दोन शब्द कोणी सहज घेत नाही. लोक अंधारात घर सोडून पाण्यात उतरले असते. फोटो उलट शोधून पाहिला, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आला होता ते शोधलं. तो जुना आणि दुसरीकडचा निघाला. आम्ही पोस्ट काढली, पण तेवढ्यावर थांबलो नाही. "हा फोटो जुना आहे, प्रशासनाने सांगितल्याशिवाय धरणाची बातमी पुढे पाठवू नका" अशी एक पोस्ट सर्वांत वर टाचून ठेवली. नुसती पोस्ट काढली असती तर "बघा, दाबताहेत" म्हणत तीच दहा जणांनी पुन्हा टाकली असती. नव्या पोस्ट ॲडमिनच्या मंजुरीशिवाय दिसणार नाहीत असंही करून ठेवलं.

इथवर ठीक होतं. मग एकच मजकूर सहा वेगवेगळ्या नावांनी मंजुरीला आला. अमुक गल्लीत छपरावर दोघं आहेत, होडी पाठवा. शब्दाला शब्द तोच. मला वाटलं, हीपण अफवाच, कोणीतरी चिकटवत सुटलंय. सहाही नाकारल्या. चाळीस मिनिटांनी दादरच्या एका मुलीचा मेसेज आला, "ताई, ते माझे आईबाबा आहेत. मीच भावंडांना सांगितलं सगळीकडे टाका." पोस्ट लगेच वर लावली. दोघं सुखरूप निघाले, पण ती चाळीस मिनिटं अजून माझ्या मनातून जात नाहीत. सारखा मजकूर म्हणजे स्पॅम, हा नेहमीच्या दिवसांचा नियम. आपत्तीत घाबरलेली माणसं एकच मजकूर पुढे पाठवतात, कारण दुसरं काही लिहायची ताकद उरलेली नसते. तेव्हापासून मदतीची पोस्ट नाकारण्याआधी मी एक प्रश्न विचारते, "तुम्ही स्वतः बोललात का त्यांच्याशी, किती वाजता?" पाणी ओसरल्यावर त्या पोस्टमधले फोन नंबर आठवणीने काढावे लागतात, हेही तेव्हाच शिकले.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, त्याचं कलम ७९ आपल्या कामाचा पाया. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला संरक्षण, पण अटी पाळल्या तर. २०२१ च्या नियमांत तक्रार अधिकारी आणि तक्रारी सोडवायच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. मुदती नंतर बदलत गेल्या आहेत, म्हणून रुजू होताना ताजा मजकूरच वाचा. पालघर प्रकरणही वाचा. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातली एक तर दुसरीची पोस्ट लाइक करणारी. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी याच कायद्यातलं, ऑनलाइन "आक्षेपार्ह" मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं. लोकांना राग येणारी पोस्ट आणि बेकायदा पोस्ट यांतला फरक मला त्या निकालातून नीट कळला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन घाबरून विचारतात, त्यांच्यासाठी: सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे या कारणाने गुन्हेगार ठरत नाही, समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

नोकरी घेताना पगाराच्या आधी हे विचारा: हिंसेच्या व्हिडिओंची रांग सलग किती तास? बदलून मिळते का? समुपदेशक आहे का, आणि त्याच्याकडे गेलेला वेळ टार्गेटमधून कापतात का? हे लाड नाहीत. २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या मॉडरेटरांच्या खटल्यात ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, ते याच कामाने मनावर झालेल्या परिणामांपायी. मी व्हिडिओ आवाज बंद करून आणि काळ्यापांढऱ्या रंगात पाहते. रक्ताचा लाल रंग गेला की निम्मा भार कमी होतो. शिफ्ट संपली की समुद्रावर जाते, फोन घरी ठेवून.

अनुभव नाही म्हणून थांबू नका. मराठी विकिपीडिया उघडा, तिथलं "अलीकडील बदल" हे पान काढा. कोणी लेखात शिवी घुसवलेली दिसेल, कोणी गावच्या पुढाऱ्याची स्तुती, कोणी प्रामाणिक पण चुकीची दुरुस्ती. तासभर कशालाही हात न लावता फक्त वाचा. प्रत्येक बदलाचं तुम्ही काय केलं असतं ते कारणासह वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी त्या लेखाचा इतिहास उघडा, तिथल्या जाणत्या सदस्यांनी काय केलं ते पाहा, आणि वाद झाला असेल तर चर्चापानावर आणि चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, तो वाचा. मुलाखतीत तुमच्यासमोर असेच नमुने ठेवले जाऊ शकतात. तेव्हा ती वही सोबत न्या.